जिओकॅशिंग : ओळखीच्या परिसरातल्या अनोळखी जागा दाखवणारी सेवा

घराभोवतीच्या पाच-सात किलोमीटरमध्ये आता पाहण्यासारखे काही उरलेले नाही, असे वाटणाऱ्या प्रत्येकाने जिओकॅशिंग डॉट कॉम ही सेवा आणि तिचे मोबाइल अ‍ॅप एकदा वापरून पाहावे. मी ती बराच काळ नियमितपणे वापरत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगायचे तर, जवळच्या जवळ भटकंतीच्या नव्या जागा सापडण्यासाठी याच्याइतके उपयोगी साधन मला दुसरे आढळलेले नाही. मात्र अ‍ॅप उघडल्याबरोबर समोर जे येते तेवढ्यावरच समाधान मानले, तर तिचा निम्मा लाभही पदरात पडत नाही.

खेळ थोडक्यात असा आहे. कोणीतरी पाणी न शिरणारा डबा एखाद्या जागी लपवतो आणि तेथील अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर नोंदवतो. इतर लोक जीपीएसच्या आधाराने तो शोधून काढतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात व डबा होता तसाच, होता तेथेच ठेवून परततात. या डब्याला सगळेच ‘कॅश’ म्हणतात. त्यात लहानसहान वस्तू असतील तर एखादी घेता येते, पण तिच्या जागी तेवढ्याच किंवा अधिक मोलाची दुसरी ठेवावी, असा दंडक आहे. अमेरिकेच्या सरकारने नागरी जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली अचूकतेतील खोट २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर यांनी एक बादली ठेवून तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर जाहीर केला. तेथून या खेळाची सुरुवात झाली. हे संकेतस्थळ त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये उघडले आणि आज त्यावर जगभरातील ३० लाखांहून अधिक कॅश नोंदलेल्या आहेत.

या सेवेचे खरे मोल मला डब्यात वाटत नाही. नकाशावरचा प्रत्येक ठिपका त्या परिसरात राहणाऱ्या किंवा तेथे वारंवार हिंडणाऱ्या कोणा माणसाने निवडलेला असतो, आणि चांगल्या कॅशच्या बाबतीत ती निवड विचारपूर्वक केलेली असते: वापरातून गेलेला जुना पूल, टेकडीची रस्त्यावरून न दिसणारी बाजू, ओढ्याचा एखादा वळसा, दोन वस्त्यांमधून जाणारी आणि कोणत्याही प्रवास-मार्गदर्शिकेत स्थान न मिळणारी पाऊलवाट. पर्यटनस्थळांच्या याद्या लोकप्रियतेवर चालतात, त्यामुळे त्या पुन्हा पुन्हा त्याच चार ठिकाणी पाठवतात. येथे मात्र जागा चांगली आहे याची खात्री असलेला एक माणूस पुरेसा असतो. म्हणूनच वर्षानुवर्षे ज्या रस्त्याने आपण ये-जा करतो, त्याच्यापासून दोनशे पावलांवर काय आहे, हे कळण्याची शक्यता या सेवेत मोठी आहे.

अडचण अशी की अ‍ॅप सुरुवातीला ठिपके जवळ-दूर एवढ्याच हिशेबाने समोर मांडते, आणि सर्वांत जवळची कॅश ही सर्वांत चांगल्या जागेवरची असतेच असे नाही. वाहनतळाच्या कुंपणाला चुंबकाने चिकटवलेली नखाएवढी डबी आणि तासाभराच्या चढानंतर भेटणारा डबा, दोन्हींचे चिन्ह नकाशावर एकच असते. त्यामुळे निघण्यापूर्वी अ‍ॅपमधले त्या कॅशचे पान उघडून तीन गोष्टी वाचाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. पहिली, भूभागाची श्रेणी. शोधण्याची अवघडता आणि वाटेचा खडतरपणा यांना १ ते ५ असे स्वतंत्र गुण अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने दिलेले असतात. भूभाग १ म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही पोहोचता यावे अशी जागा, तर ५ म्हणजे होडी किंवा गिर्यारोहणाचे साहित्य यांसारखी खास तयारी लागणारी. लहान मुले किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हा आकडा अंतरापेक्षा महत्त्वाचा ठरतो. दुसरी, पसंतीचे गुण. सशुल्क सभासदाला दर दहा शोधांमागे असा एकच गुण देता येतो, त्यामुळे तो कोणी उधळत नाही आणि ज्या कॅशला असे गुण भरपूर मिळाले आहेत तेथे जाणे सहसा वाया जात नाही. तिसरी, अलीकडच्या नोंदी. लागोपाठ काही जणांनी ‘सापडली नाही’ असे लिहिले असेल तर डबा बहुधा नाहीसा झालेला असतो. पण कोणी ‘वही ओली आहे, तरी दृश्यासाठी जरूर या’ असे लिहिले असेल, तर मी डब्याची फिकीर न करता त्या जागेसाठी निघते.

प्रत्यक्ष शोधाचा शेवटचा टप्पा हा या खेळाचा सर्वांत रंगतदार भाग आहे आणि तो फोनच्या हाती नसतो. उघड्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो, दाट झाडीत किंवा कड्याखाली त्याहून कमी. शिवाय लपवणाऱ्याच्या मोजणीतही तेवढाच फरक असू शकतो. म्हणून अंतर दहा मीटरच्या आत आले, की पडद्यावरचा बाण या दिशेकडून त्या दिशेकडे फिरू लागतो. अशा वेळी फोन खिशात ठेवावा, जागेवर उभे राहावे आणि हात सहज पोहोचेल अशा उंचीवर नजर फिरवावी. एका बुंध्याच्या खोबणीत सालीचा तुकडा मला जरा जास्तच नीट बसलेला दिसला. तो हलवल्यावर मागे जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी होती आणि तिच्यात सुरनळी करून ठेवलेली कागदाची पट्टी. अशा पट्टीवर पेन्सिलनेच लिहावे, कारण दमट हवेत शाई पसरते, आणि पेन्सिल स्वतःची न्यावी, कारण इतक्या लहान डबीत ती मावत नाही. झाड सोलणे, जमीन उकरणे किंवा दगडी बांधकाम हलवणे यांची गरज कधीच पडत नाही. जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणून कॅश ठेवण्याला नियमांनीच मनाई आहे.

डबा नसलेला एक प्रकार मला व्यक्तिशः सर्वाधिक प्रिय आहे. त्याला ‘अर्थकॅश’ म्हणतात आणि तो जिओलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या सहभागाने २००४ मध्ये सुरू झाला. येथे एखाद्या भूवैज्ञानिक वैशिष्ट्यापाशी जाऊन निरीक्षण करायचे आणि प्रश्नांची उत्तरे कॅशच्या मालकाला पाठवायची असतात: खडकाचे थर कोणत्या बाजूला झुकले आहेत, त्यातील कणांचा आकार केवढा आहे, पाण्याने दगड कोठे अधिक झिजवला आहे. ज्या उघड्या खडकाजवळून आपण असंख्य वेळा गेलो, त्याच्यापुढे अर्धा तास थांबून हाताने चाचपडत पाहायला लावणारी दुसरी कोणतीही सेवा मला ठाऊक नाही.

उणिवा आहेत आणि त्या गंभीर आहेत. मोफत खाते असलेल्यांना अ‍ॅपमध्ये मुख्यतः सोप्या, साध्या प्रकारच्या कॅशच पूर्ण तपशिलासह उघडता येतात, आणि उत्तम जागांवरच्या अनेक कॅश त्यांच्या मालकांनीच सशुल्क सभासदांपुरत्या राखून ठेवलेल्या असतात. मात्र ज्या कॅशवर मालकाने असे बंधन घातलेले नाही, त्यांपैकी अ‍ॅपमध्ये न उघडणाऱ्या अवघड कॅशचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर मोफत खात्यालाही दिसतात. ही गोष्ट नवख्याला कोणी सांगत नाही, आणि मला ती न्याय्य वाटत नाही. दुसरी उणीव विरळपणाची: काही भागांत दर चौकाआड कॅश असते, तर काही ठिकाणी पन्नास किलोमीटरमध्ये एकही नसते, आणि अशा भागात राहणाऱ्याला ही सेवा आज फारशी उपयोगी नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी मोफत खात्यातून आपल्या भोवतीचा नकाशा पाहून घ्यावा. दिवसभराच्या अंतरात वीस-पंचवीस कॅश दिसल्या आणि इंटरनेट नसतानाही वापरता येणाऱ्या कॅशच्या याद्यांची गरज भासू लागली, तरच सभासदत्वाचा विचार करावा.

विरळ भागातल्या माणसाला स्वतः कॅश लपवण्याचा मार्ग खुला आहे. त्यासाठी जागेच्या मालकाची परवानगी, दुसऱ्या कॅशच्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर आणि देखभालीची हमी आवश्यक असते, आणि स्वयंसेवक परीक्षकाने तपासल्यावरच ती नकाशावर येते. पावसाळ्यानंतर वही बदलणे आणि फुटलेले झाकण दुरुस्त करणे ही कामे मालकालाच करावी लागतात, म्हणून पहिली कॅश वर्षभर सहज जाता येईल अशाच ठिकाणी ठेवावी.