बाटी-ओव्हन : आठ महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीच्या तोंडावर इंदूरच्या बर्तन बाजारातून गॅसवर ठेवायचा बाटी-ओव्हन घेतला. साडेबाराशे रुपये. घेतल्या घेतल्या चार दिवसांत लिहिलेल्या कौतुकावर माझा विश्वास नाही, म्हणून आठ महिने थांबलो.

घेण्याचं कारण आमची रविवारची जेवणं. होळकर कॉलेजातले आम्ही सहा जण फिरून फिरून राजेंद्रनगर ते राऊ या पट्ट्यातच राहायला आलोय. महिन्यातून एकदा दुपारचं जेवण एकाकडे. कॉलेजात असताना मीटरगेजच्या गाडीने पाताळपाणीच्या धबधब्याला जायचो, गोवऱ्या पेटवायचो आणि दाल-बाफले (बाटीसारखेच कणकेचे गोळे, पण आधी उकडून मग भाजलेले). माळव्यात अशा सहलीच्या जेवणाला गोठ म्हणतात. आता सहापैकी चौघांचे गुडघे गेले, तेव्हा पाताळपाणीची जागा गच्चीने घेतली. पहिल्याच वेळी गोवऱ्यांचा धूर तिसऱ्या मजल्यावरच्या वाळत्या चादरींत शिरला. सोसायटीचे अध्यक्ष तणतणत वर आले, तीन बाफले खाऊन खाली गेले आणि संध्याकाळी नोटीस लावली. मग हा ओव्हन आला.

वस्तू साधी आहे. अॅल्युमिनियमचं घुमटासारखं झाकण, त्याला काचेची खिडकी, खाली भोकांची थाळी, वर जाळी. खोक्यावर लिहिलंय एका खेपेला सोळा. सोळा ठेवाल तर मधले करपतात आणि कडेचे पांढरेफटक राहतात. बारा ठेवावेत, एकमेकांना चिकटू न देता.

नुसती बाटी असेल तर काही डोकं लावावं लागत नाही. बाफल्याची गोष्ट वेगळी, कारण तो आधी उकडायचा असतो. जाडसर दळलेली कणीक, थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, तुपाचं मोहन. गोळे उकळत्या पाण्यात सोडायचे आणि तरंगून वर आले की आणखी थोडा वेळ ठेवून काढायचे. पहिल्यांदा मी ते तसेच ओले जाळीवर मांडले. चर्र आवाज झाला, काच वाफेने आंधळी झाली आणि बुडं जाळीला अशी चिकटली की सुरीने खरवडून काढावी लागली. आमच्या सहांतला डॉक्टर म्हणाला, "हा बाफला नाही, पोस्टमॉर्टेम आहे." तेव्हापासून उकडलेले बाफले फडक्यावर, पंख्याखाली अर्धा तास. ओव्हन आधी दहा मिनिटं रिकामा तापवायचा. मग मध्यम आचेवर पंधरा मिनिटं, उलटून पुन्हा तेवढीच, शेवटी अगदी बारीक गॅस. फुटून चिरा पडल्या की तयार. फोडून तुपात बुडवायचे. इथे हात आखडला तर सगळं फुकट, मग कोलेस्टेरॉलबद्दल डॉक्टर काहीही म्हणो. (तो जेवताना म्हणत नाही, फोनवर म्हणतो.)

गोवरीची चव येत नाही. येणारच नाही, विकणारा काहीही सांगो. आम्ही डाळीवरून थोडी वसुली करतो. पातेल्यात वाटी, वाटीत कोळशाचा लाल निखारा, त्यावर तुपाचे चार थेंब आणि झाकण घट्ट. तेवढाच धुराचा वास. बाकी मराठी घरात बाफल्याची डाळ गूळ पडून शेवटी आमटीच होते, त्याला ओव्हन काय करणार?

गराडू (इथे तळून खातात तो कंद) सुद्धा भाजून पाहिला. करू नका. वातड होतो, त्याला कढईच पाहिजे. भरताची वांगी मात्र फार छान भाजतात.

मार्चमध्ये काच तडकली. चूक माझी, गरम काचेवर ओलं फडकं फिरवलं. पण सुटी काच मिळतच नाही. दुकानदार म्हणाला, "पूरा नया ले लो, भाईसाब." शेवटी आमच्यातल्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेल्या मित्राने पत्र्याचा तुकडा दोन स्क्रूंनी बसवून दिला. आता आत दिसत नाही, सारखं झाकण उघडावं लागतं आणि खेप दहा मिनिटांनी लांबते. झाकणाची मूठही ढिली झालीय, दर दोन महिन्यांनी पिळतो. आतून अॅल्युमिनियम काळं पडलंय, ते घासत बसत नाही.

आम्ही सहा आणि वहिनी मंडळी, म्हणजे दोन खेपा लागतातच, मिळून दीडेक तास. हे आधी मला खटकायचं. पण पूर्वी गोवऱ्यांपाशी दोघं जण डोळे चोळत बसायचे आणि इकडच्या गप्पा त्यांना नंतर सांगाव्या लागायच्या. आता दुसरी खेप होईपर्यंत सगळे स्वयंपाकघरातच उभे, कोणी ओट्याला टेकून, कोणी फ्रिजला. वहिनींना पाय टाकायला जागा नसते. "बाहेर बसा, हाक मारते," असं त्या दर वेळी म्हणतात, आणि कोणी हलत नाही.

पुढचा रविवार डॉक्टरकडे. त्याने नुकतंच स्वयंपाकघर नवं करून इंडक्शन बसवलंय, मोठ्या हौसेने फोटोही पाठवले. त्यावर अॅल्युमिनियमचा हा ओव्हन चालणार नाही, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. शेगडी आणि छोटा सिलिंडर मी गाडीत टाकून नेतोय.