राजवाड्याजवळचं झेरॉक्स-बायंडिंगचं दुकान : काम भारी, पण पानं मोजून घ्या

एमएच्या प्रोजेक्टचं बायंडिंग करायला गेलेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रार पण आहे, साताऱ्यात ज्यांनी प्रोजेक्ट बांधून घेतलेत त्यांना कळेलच कुठलं ते.

प्रिंट एकदम क्लीन, काळं रेक्झीन, सोनेरी अक्षरं, शिलाई घट्ट. रेट बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त पण चालतंय. खरी गंमत म्हणजे काका जे छापतात ते वाचतात. माझा विषय होसे लॉरेल, महायुद्धात जपान्यांनी फिलिपिन्समध्ये जे सरकार बसवलं त्याचा राष्ट्राध्यक्ष, ऑक्टोबर १९४३ ते ऑगस्ट १९४५. कॉलेजात गाईड सोडून कुणी नाव ऐकलेलं नाही आणि हे काका मशीन चालू ठेवून म्हणतात, "आरं हा तर चाकू चालवलेला गडी हाय की!" खरंय ते, पोरवयात एका पोरीवरनं भांडण झालं, दुसऱ्याला भोसकलं, खालच्या कोर्टात शिक्षा, आणि १९१२ ला सुप्रीम कोर्टातनं स्वसंरक्षण म्हणून सुटला. १९३६ मध्ये त्याच कोर्टात जज्ज होऊन बसला.

मग काकांनी मलाच धरलं. "४३ सालीच आपल्याकडं पत्री सरकार होतं, ते लोकांनी उभं केलेलं. ह्याचं तर वरनं बसवलेलं, मग ह्याला काय म्हणायचं?" मी म्हटलं काका, सप्टेंबर १९४४ मध्ये त्यानं अमेरिका-ब्रिटनशी युद्ध पुकारलं पण फिलिपिनो पोरांची सक्तीची भरती काय केली नाही. "म्हंजी कागदावरची लढाई," काका. बरं त्याच्यावर त्याच्याच लोकांनी जून १९४३ मध्ये गोल्फ खेळताना गोळ्या झाडल्या, तरी वाचला. नोव्हेंबर १९४३ ला जपाननं आपल्या बाजूच्या आशियाई सरकारांची टोकियो परिषद बोलावली, तिथं तो होता आणि नेताजी पण निरीक्षक म्हणून तिथं होते, हे सांगितल्यावर काकांनी मशीनच बंद केलं आणि ते पान परत मागून घेतलं. मागं लाईनीत चार जण उभे, एकाची तर हॉलतिकिटाची घाई, पण कोण ऐकतंय.

आता तक्रार. ह्या गप्पांत पानांची अदलाबदल झाली आणि तशीच शिवली. त्यामुळं माझ्या प्रोजेक्टमध्ये लॉरेल आधी टोकियोच्या सुगामो जेलात जातो, त्याच्यावर देशद्रोहाचे १३२ आरोप लागतात, १९४८ ला माफी मिळते आणि मग तो राष्ट्राध्यक्ष होतो! गाईड हसून हसून लाल. कव्हरवर 'होसे'चं 'जोसे' झालं ते वेगळंच, पण तिथं चूक माझी, मी चिठ्ठीवर इंग्लिशमध्ये लिहून दिलेलं.

परत नेल्यावर काकांनी एक शब्द न बोलता सगळं उसवून पुन्हा बांधून दिलं, पैसे घेतले नाहीत, फक्त दोन दिवस लावले. घेताना म्हणाले, "१९४९ ला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत पडला आणि १९५१ ला सिनेटला सगळ्यात जास्त मतं घेऊन आला, हे तू एका ओळीत उरकलंस होय रं?" बरोबर होतं त्यांचं. गाईडनं पण व्हायवाला तेच विचारलं.

एक स्टार पानांसाठी कापलाय. पीडीएफ करूनच न्या, वर्ड फाईल न्याल तर मराठी फॉन्टचे चौकोन येतात.