बाडातली औषधं आणि धुळ्याचं काष्ठौषधीचं दुकान

धुळ्यात पाचकंदीलच्या अंगाला, आतल्या गल्लीत काष्ठौषधीचं एक जुनं दुकान आहे. पाटीवरचं नाव पुसट झालंय, पण 'जडीबुटीचं दुकान' म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात सोडतो. आमच्या घरात आजेसासऱ्यांचं औषधांचं बाड आहे, बोरूनं मोडीत लिहिलेलं. शिरपूरकडच्या खेड्यात ते वैद्यकी करायचे. ते बाड मी सध्या देवनागरीत उतरवून काढतेय. त्यातली प्रत्येक वनस्पती एकदा तरी हातात घेऊन बघायची, असं मी ठरवलंय. त्या कामासाठी या दुकानासारखी जागा मला अख्ख्या खानदेशात मिळाली नाही.

उदाहरण इंद्रजवाचंच, म्हणजे कुड्याच्या बियांचंच घ्या. बाडात हगवणीवरचा एक पाठ आहे : कुड्याची साल, इंद्रजव, बेलगिरी, नागरमोथा, सुंठ. मी इंद्रजव मागितले, तर मालक काकांनी दोन डबे पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, "चाखी देखा, ताई." पहिल्या डब्यातला दाणा दाताखाली धरला मात्र, वरून पाणी प्यायले तरी तोंडाचा कडवटपणा जाईना. तो पांढऱ्या कुड्याचा, म्हणजे कडू इंद्रजव. औषधाला तोच लागतो. दुसऱ्या डब्यातला काळ्या कुड्याचा, त्याला बाजारात गोड इंद्रजव म्हणतात. सातपुड्यात दोन्ही झाडं आहेत. दोन्हींची फुलं पांढरी, दोन्हींच्या शेंगा जोडीनं लोंबतात, त्यामुळे साल काढताना गल्लत होते आणि मुद्दाम भेसळही होते. काकांनी आतून सुकलेल्या शेंगा आणून दाखवल्या. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या, पांढऱ्याच्या मोकळ्या. बाडात हे काही नाही. लिहिणाऱ्याला झाड माहीत होतं, त्याच्या हाताखालच्यालाही माहीत होतं. मग कशाला लिहून ठेवेल? एवढं दाखवून द्यायला काकांनी चांगला अर्धा तास घालवला, आणि मी घेतले किती, तर ५० ग्रॅम.

नागकेशराचंही तसंच. बहुतेक ठिकाणी त्या नावाखाली सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या देतात. खरं नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातले पुंकेसर. इथं दोन्ही आहेत, वेगवेगळ्या बरण्यांत, आणि कोणतं काय ते विचारायच्या आधीच सांगतात.

मला सगळ्यात जास्त पटलं ते मेदा-महामेदाबद्दलचं बोलणं. या अष्टवर्गातल्या, म्हणजे आयुर्वेदातल्या आठ औषधींच्या गटातल्या वनस्पती, हिमालयाकडच्या. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथातच सांगितलंय की या मिळत नसतील तर मेदा-महामेदाऐवजी शतावरी घ्या, जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा. आमच्या बाडातही मेद्यापुढे बारीक अक्षरात 'अभावी शतावरी' असं आहे. दुसऱ्या एका ठिकाणी मला कसल्याशा मुळ्या 'अस्सल मेदा' म्हणून चढ्या भावानं दाखवल्या होत्या. काकांनी सरळ सांगितलं, मेदा मी ठेवत नाही, शतावरी देतो, आणि शतावरीच्या भावानं देतो. जुन्या ग्रंथकारांनी जो प्रामाणिकपणा दाखवला तो दुकानदारानं पाळावा, एवढीच माझी अपेक्षा असते. इथं ती पुरी झाली.

वजनाचंही त्यांना पक्कं ठाऊक आहे. बाडात सगळं तोळा, मासा, गुंजेत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. हल्ली सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम, पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, हे काकांनीच लक्षात आणून दिलं. काढ्याला भरड लागते, चूर्ण वस्त्रगाळ लागतं; दोन्ही ते तिथल्या तिथं लोखंडी खलात कुटून देतात.

बाडातल्या एका पाठात बचनाग आहे. नुसता नमुना म्हणून बघायला मागितला, तरी वैद्यांची चिठ्ठी असल्याशिवाय देणार नाही म्हणाले. बचनाग शोधन केल्याशिवाय, म्हणजे शास्त्रोक्त शुद्ध केल्याशिवाय, विषच आहे, आणि जुन्या पोथीत आहे म्हणून घरी करून बघण्यातली ती गोष्ट नव्हे. नाही म्हणाले याचा मला आनंदच झाला.

एककळी लसूणही इथं मिळतो. मध्य आशियात कुचाजवळ १८९० साली बॉवर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रावरची जी प्राचीन पोथी लागली, आज ऑक्सफर्डला आहे ती, तिची सुरुवातच लसणाच्या गुणांनी होते. हे सांगितल्यावर काकांनी शेजारच्या दुकानदारालाही बोलावून ऐकवलं. फोडणीत मूठभर लसूण टाकणाऱ्या आपल्या मुलखाला हे कळायलाच हवं.

आता खटकलेलं. दर्शनी पोती उघडी असतात, रस्त्याची सगळी धूळ त्यांत जाते. म्हणून आतल्या डब्यातलंच मागा. गल्ल्याजवळ सांधेदुखीच्या नि मधुमेहाच्या तयार चूर्णाच्या पुड्या टांगल्यात, त्यांवर घटक लिहिलेले नाहीत. त्या घेऊ नका. काकांच्या दुकानात त्या असाव्यात याचं मला वाईट वाटतं, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. पावसाळ्यात साली-मुळ्या घेणं टाळा, ओल धरलेली असते. भाव इतरांपेक्षा थोडे चढे आहेत, पण माल निवडलेला असतो. दुपारी एक ते चार बंद.

आणखी एक. पुड्या कोऱ्या कागदात बांधून देतात. घरी गेल्यावर साल कोणती नि मूळ कोणतं, कळत नाही. प्रत्येक पुडीवर नाव, झाडाचा भाग आणि माल कधी आला ते लिहा, असा माझा आग्रह आहे. काकांचा मुलगा आता लिहायला लागलाय, पण तो गल्ल्यावर नसेल तेव्हा पेन आपणच घेऊन जावं.