चौदा महिने दोन थार: माझी मनासारखी करून घेतलेली आणि दादाची अर्थ एडिशन

२०२४ च्या दसऱ्याला आमच्या घराण्यात महिंद्राच्या दोन थार आल्या. दोन्ही डिझेल, मॅन्युअल, हार्ड टॉप, फोर बाय फोर. माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, तिची अर्थ एडिशन (इंग्रजी अर्थ, म्हणजे पृथ्वी) ही खास आवृत्ती घेतली. मी साधी एलएक्स. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत एडिशन बाजारात आली तेव्हा दोघींच्या एक्स-शोरूम किमतीत ४० हजारांचा फरक होता. मी ठरवले, ते ४० हजार आपण आपल्या वावराच्या हिशेबाने लावू. आज माझी गाडी २३ हजार किलोमीटर चालली आहे, दादाची १६ हजार. आणि माझा खर्च ४० हजारांवर थांबला नाही, १ लाख ३८ हजारांवर गेला. त्यातले काय कामी आले आणि काय पाण्यात गेले ते लिहितो, कारण तालुक्यातली चार-पाच पोरे हेच विचारून गेली आहेत.

आधी एडिशनमध्ये काय मिळाले ते पाहा. इंजिन तेच २.२ लिटरचे, टॉर्क (चाक फिरवायचा जोर) तोच ३०० न्यूटन मीटर, गिअरबॉक्स तोच. वेगळा आहे तो डेझर्ट फ्युरी नावाचा मॅट रंग, बाजूला वाळूच्या टेकड्यांची नक्षी, आत बेज सीट आणि अनुक्रमांक कोरलेली एक पाटी. अमेरिकेतल्या मसल कारचे, म्हणजे दणकट इंजिनाच्या वेगवान गाड्यांचे, गणित निराळे असते. फोर्डने मस्टँगची शेल्बी जीटी३५० काढली तेव्हा तिला ५.२ लिटरचे, ५२६ अश्वशक्तीचे वेगळेच इंजिन दिले. साध्या मस्टँग जीटीचे ५ लिटरचे इंजिन तेव्हा ४३५ अश्वशक्तीचे होते. तेवढी ताकद बाहेरून बसवायची म्हटली तर खर्च डोईजड होतो आणि वॉरंटीही जाते. तिथे खास आवृत्ती घेणाऱ्याला इंजिनच वेगळे मिळते. आपल्याकडे या एडिशनमध्ये ४० हजारांत रंग आणि सीट मिळाले. हा फरक समजून मग निर्णय घ्यावा.

आता माझी गाडी. आमचे वावर यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात, गावापासून अडीच किलोमीटर पांदण रस्त्याने. त्यातला दीड किलोमीटर निव्वळ काळी माती. पावसाळ्यात तिथून ट्रॅक्टरही विचार करून जातो. म्हणून पहिला खर्च टायरवर केला. कंपनीचे माप २५५/६५ आर १८. मी त्याच रिमवर २६५/७० बसवले. व्यास जवळजवळ चार सेंटीमीटरने वाढला, म्हणजे गाडी दोन सेंटीमीटर उंच झाली. दिसायलाही दमदार दिसू लागली.

जून २०२५ च्या पहिल्या दमदार पावसानंतर खते घेऊन वावरात निघालो आणि अर्ध्या पांदणीत गाडी थांबली. चाके घसरत नव्हती, जाम झाली होती. काळी माती ओली झाली की फुगते आणि चाकाला थरावर थर चढत जाते. टायर मोठे केल्यामुळे टायर आणि वरचे मडगार्ड यांच्यात जागाच उरली नव्हती. त्या फटीत चिखल असा दाबून बसला की आतले प्लास्टिकचे लायनर फाटून बाहेर आले. आमचा सालदार खुरपे घेऊन आला, खाली वाकून बघितले आणि म्हणाला, "मालक, चाकाले जागाच नाई ठेवली, मंग चिखल जाईन कुठं?" तो आणि मी दीड तास खुरप्याने खरवडत होतो. एकेका चाकातून घमेलेभर माती निघाली. आमच्या शेजाऱ्याची बैलबंडी त्याच वेळी बाजूने निघून गेली.

उंच गाडी आणि रुंद टायर हे व्हिडिओत दिसते ते वाळूत आणि दगडात चालते. काळ्या मातीत चाकाभोवतीची मोकळी जागा जास्त महत्त्वाची. पुढच्या महिन्यात मी पुन्हा २५५/६५ वर आलो, फक्त नक्षी खोल असलेले टायर घेतले. मोठ्या टायरांनी डिझेलही जास्त खाल्ले: लिटरला साडेबारा किलोमीटर मिळत होते, ते साडेदहावर आले होते. आता पुन्हा बाराच्या वर आहे.

टायर घेताना आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे बाजूची भिंत किती जाड आहे. तूर कापल्यावर जी धसकटे उभी राहतात ती तिरप्या कापाची असतात, भाल्यासारखी. पऱ्हाटीचेही, म्हणजे कपाशीचेही, तसेच. ती टायरच्या बाजूत घुसली की पंक्चर निघत नाही, टायरच टाकावा लागतो. माझा एक असाच गेला. धसकटांच्या वावरात गाडी सरीला धरून चालवावी, आडवी नेऊ नये. आणि तीन हजारांचा हवा भरायचा छोटा पंप गाडीत ठेवावा. चिखलात हवा वीसपर्यंत उतरवली की तीच गाडी आरामात निघते. डांबरी लागली की पुन्हा भरून घ्यायची. माझ्या सगळ्या खर्चात दर रुपयामागे सर्वांत जास्त उपयोग या पंपाचा झाला.

लाइटचा अनुभव मात्र वाईट आहे. रात्री जागलीला जावे लागते, रानडुकरांचा आणि रोह्यांचा (नीलगायींचा) त्रास आहे. म्हणून १८० वॅटचा लाइट बार लावला. दुकानदाराने रिले (जास्त करंट वेगळ्या वायरने नेणारा स्विच) न लावता हेडलाइटच्या वायरला जोड देऊन काळी टेप गुंडाळली. १८० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर १५ अँपिअर; ती वायर एवढ्यासाठी नसते. जुलैच्या शेवटी, भर पावसात, रात्री अकराला दोन्ही हेडलाइट विझले. सालदार मोबाइलची बॅटरी धरून पुढे चालत होता आणि मी पहिल्या गिअरवर त्याच्या मागे. सर्व्हिस सेंटरने बाहेरची छेडछाड म्हणून वायरिंग वॉरंटीत घेतले नाही, १८,४०० रुपये माझ्या खिशातून गेले. मला राग दुकानदाराचा आहे. त्याला बॅटरीवरून वेगळी वायर, फ्यूज आणि रिले लावायला जास्तीत जास्त एक तास लागला असता. आता जागलीसाठी हातातली चार्जिंग बॅटरी वापरतो.

पुढे बसवलेले लोखंडी गार्डही, म्हणजे बुल बार, काढून टाकले. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बुल बारवर कारवाई करायला राज्यांना कळवले आहे, कारण ठोकर लागली की धक्का सरळ चेसिसवर जातो आणि एअरबॅगचे गणित बिघडते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन्ही सांगतात की कंपनीच्या मूळ रचनेत वाटेल तसा बदल चालत नाही. रंग बदलायचा तरी आरसीवर नोंद लागते. एडिशनवाल्याला यातले काहीच बघावे लागत नाही, सगळे कारखान्यातून मंजूर होऊन येते. ही दादाची मोठी सोय आहे.

पण दादाच्या गाडीचे दुखणे वेगळे. मॅट रंगाला पॉलिश चालत नाही, घासले की तेवढाच भाग चमकायला लागतो. आमच्या पांदणीला दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत. माझ्या दारावरचे ओरखडे मी तीनशे रुपयांत घासून घेतले. दादाच्या डाव्या दारावर एक वीतभर ओरखडा आहे, तो फक्त पूर्ण दार रंगवूनच जाईल असे सांगितले आहे. बेज सीटवर काळ्या मातीचे हात लागले की डाग शिवणीत जाऊन बसतो. वेचणीच्या दिवसांत तो गाडी घरी ठेवतो आणि मोटरसायकलने वावरात जातो. नागपूरला लग्नाला जाताना मात्र त्याची गाडी बघून लोक थांबतात, आणि त्या पाटीवरचा क्रमांक तो प्रत्येकाला दाखवतो. त्याला त्या गाडीचा खरा आनंद आहे, तो मी डोळ्यांनी पाहतो.

विकायची वेळ आली तर काय, म्हणून यवतमाळला जुन्या गाड्या घेणाऱ्याला दोन्ही दाखवल्या. त्याने माझ्या फिटिंगचा एक रुपयाही धरला नाही. दादाच्या रंगाचे थोडे जास्त सांगितले, पण ओरखडा बघून तेही कमी केले.

पुन्हा घ्यायची झाली तर मी साधीच घेईन आणि तीनच गोष्टी करीन: मूळ मापाचे जाड टायर, हवेचा पंप, इंजिनखाली लोखंडी प्लेट. चौथी आईसाठी. तिचे गुडघे दुखतात आणि थारमध्ये चढणे तिला जमत नव्हते. गावातल्या वेल्डरने ६,५०० रुपयांत दुमडणारी पायरी करून दिली, कंपनीच्या भोकांतच बोल्टने बसते, गाडीला कुठे छिद्र पाडावे लागले नाही. वावरात जाताना ती वर दुमडून टाकतो. गेल्या आठवड्यात मावशी आमच्याकडे आली होती. त्या पायरीवर पाय ठेवून, कोणाचा हात न धरता गाडीत बसली. दादा ते बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची डेझर्ट फ्युरी वेल्डरच्या दुकानासमोर मापासाठी उभी होती.