चूक दाखवताना ‘सीम्स’ बरे की ‘कुड यू’?

इंग्रजी पत्रात समोरच्याची चूक दाखवायची वेळ आली की ‘यू हॅव मेड अ मिस्टेक’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही लिहिताना हात अडखळतो, कारण त्यातील ‘यू’ थेट माणसावर बोट ठेवते. (मराठीतील ‘चूक केली’ मनात धरून ‘डन अ मिस्टेक’ लिहिणाऱ्यांनी आधी तेवढे सुधारावे, इंग्रजीत चूक ‘मेक’ करतात.) मग उरतात दोन मार्ग: ‘देअर सीम्स टू बी ॲन एरर इन’ आणि ‘कुड यू प्लीज चेक’.

मी बरीच वर्षे दुसऱ्या मार्गाचा होतो. प्रश्न विचारला की समोरच्याला आपली चूक आपणच शोधल्याचे समाधान मिळते आणि आपलेच चुकत असेल तर माघारही सोपी जाते, हे आजही मान्य आहे.

पण एका अहवालाच्या तिसऱ्या तक्त्यातील टक्केवारीची बेरीज १०४ भरत होती. मी नम्रपणे लिहिले, ‘कुड यू प्लीज चेक टेबल थ्री?’ तासाभरात उत्तर आले, ‘चेक्ड, ऑल गुड.’ त्यांनी तपासले होते ते तक्त्याचे शीर्षक आणि क्रमांक. बेरजेचे मी कुठे सांगितले होते? आता दुसरे पत्र लिहिणे आले, आणि ते कितीही मऊ शब्दांत लिहिले तरी ‘तुम्ही चुकलात, वर तपासलेही नाहीत’ असाच त्याचा अर्थ निघणार होता. पहिल्या पत्रातील सौजन्य दुसऱ्यात असे अंगावर आले.

‘सीम्स’च्या वाक्यात असे मोघम राहण्याची सोय नाही, कारण ‘इन’नंतर जागा सांगावीच लागते आणि जागा सांगितली की कारणही ओघाने येते: ‘देअर सीम्स टू बी ॲन एरर इन टेबल थ्री, द पर्सेंटेजेस ॲड अप टू १०४.’ शिवाय ते आपल्या ‘तक्त्यात चूक राहिलेली दिसते’ या वाक्याचेच भावंड आहे; चूक करणारा दोन्हीकडे गायब. चुका अनेक असल्या तर ‘सीम्स’चे ‘सीम’ होते, तेवढे भान ठेवावे. खात्री असताना ‘सीम्स’ म्हणणे काहींना कदाचित दांभिक वाटेल. मला ते खुपत नाही.

खरोखरच शंका असेल तेव्हा मात्र मी अजूनही ‘कुड यू’च लिहितो, फक्त कोणता आकडा पाहायचा ते त्याच वाक्यात सांगून टाकतो.