ॲम्बेसेडर मार्क ३ मध्ये इसुझूचं १.८ इंजिन आणि अल्टरनेटर: आठ महिने, ७,००० किलोमीटरनंतर

गाडी १९७८ ची मार्क ३. मूळ इंजिन बीएमसीचं बी-सिरीज, १४८९ सीसी, ताकद पन्नासेक हॉर्सपॉवर, सोबत ल्युकासचा डायनमो (इंजिनावर फिरून वीज देणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) आणि कटआउटची पेटी (डायनमो बॅटरीशी जोडणारी-तोडणारी). त्या जागी आता ॲम्बेसेडर १८०० आयएसझेडमधलं इसुझूचं १८१७ सीसी इंजिन, त्याचाच पाच गियरचा गियरबॉक्स आणि ४५ अँपिअरचा अल्टरनेटर (डायनमोचा नव्या पद्धतीचा वारसदार) आहे. इंजिन बसवायला लागले सहा दिवस. तारा, अर्थिंग, पाणी आणि ब्रेक मार्गी लावायला लागले दोन महिने. म्हणून इथे इंजिनापेक्षा त्याच्या आजूबाजूबद्दलच जास्त लिहिलं आहे.

हेच इंजिन का, तर कारखान्याने स्वतः १९९० च्या दशकात ते याच बॉडीत बसवलं होतं. माउंटिंग, गियरबॉक्सखालची आडवी पट्टी, प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सरचा पुढचा पाइप, ॲक्सिलरेटरची जोडणी हे सगळं तयार मिळतं. काँटेसातही इसुझूचं १.८ होतं आणि भंगारात ते काही वेळा स्वस्त पडतं, पण त्याचे ब्रॅकेट आणि शाफ्ट या गाडीला जुळत नाहीत. इंजिनात वाचवलेले पैसे लेथवाल्याकडे जातात. म्हणून डोनर, म्हणजे जिचे भाग काढून घ्यायचे ती गाडी, ॲम्बेसेडरच घ्यावी. एकेक सुटा भाग जमवण्यापेक्षा कापायला निघालेली आख्खी गाडी पाहावी आणि क्लचची जोडणीही तिच्यातलीच काढून घ्यावी. इंजिन कार्ब्युरेटरचं असावं. नंतरच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाला ईसीयू (त्याचा संगणक), सेन्सरांची वायरिंग, दाबाचा इलेक्ट्रिक पंप आणि टाकीकडे परतीची पाइप लागते. जुन्या गाडीत ही सगळी नवीन दुखणी.

कागदावर फरक असा. जुन्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९ मि.मी.; क्रँकला तीनच मेन बेअरिंग. इसुझूचा बोअर ८४, स्ट्रोक ८२. मेन बेअरिंग पाच, कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, चेनवर चालणारा. ताकद सुमारे ७५ हॉर्सपॉवर. लांब स्ट्रोकचं जुनं इंजिन खालच्या आरपीएमला खरंच चिवट आहे. गर्दीत तिसऱ्या गियरवर रेंगाळताना त्याची आठवण येते. पण ८० च्या पुढे ते आक्रस्ताळं होतं आणि इसुझू तिथून कुठे जीव धरतं. खंबाटकीला चौघं आणि सामान असताना जिथे दुसरा टाकावा लागायचा, तिथे आता तिसऱ्यावर निघतं. महामार्गावर पाचव्यात ८०–८५ ला गाडीत बोलता येतं. ॲव्हरेज शहराबाहेर ११ च्या आसपास, पूर्वी ९–१० मिळायचं. पेट्रोल वाचेल म्हणून हा उद्योग करू नये.

डोनर इंजिन घेण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा. आकडा किती येतो यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांत आहेत का, हे महत्त्वाचं. पुढचं कव्हर काढून चेन किती ढिली आहे आणि टेन्शनर किती बाहेर आला आहे ते बघा. गाडीत बसल्यावर हेच काम तिप्पट वेळ खातं. इंजिन बाहेर असतानाच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बुश, मागचं ऑइल सील आणि फ्रॉस्ट प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांची पत्र्याची बुचं) बदलून टाका.

बसवताना इंजिन आणि गियरबॉक्स जोडूनच, शेपटीकडून खाली तिरपं करून चेन पुलीने उतरवलं. रेडिएटर, बॉनेट आणि आडवं येणारं सगळं आधी काढलेलं. माउंटिंगचे बोल्ट लगेच आवळू नयेत. गियरबॉक्सची पट्टी, सायलेन्सरचा पाइप आणि शाफ्ट लागेपर्यंत सगळं हातानेच घट्ट ठेवावं, इंजिन दोन मिनिटं चालवावं, त्याला आपली जागा घेऊ द्यावी आणि मग आवळावं. आधीच आवळलं की रबर पिळलेलं राहतं आणि आयडलला डॅशबोर्ड थरथरतो. दोष मात्र कार्ब्युरेटरच्या माथी जातो.

प्रोपेलर शाफ्ट डोनरचाच लावला, कारण पाच गियरच्या बॉक्सला जुना शाफ्ट लांबीत जुळत नाही. गाडी चाकांवर उभी असताना स्लायडिंग जॉइंट २०–२५ मि.मी. आत जायला मोकळा हवा. गियरबॉक्सचा मागचा फ्लँज आणि डिफरन्शियलचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत, एका अंशाच्या आत. फोनमधल्या अँगल मीटरने मोजता येतं. पहिल्या महिन्यात ६५ च्या सुमारास जमिनीतून गुणगुण यायची. शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) नवे होते, शाफ्ट बॅलन्स केलेला होता. शेवटी आडव्या पट्टीखाली ६ मि.मी. चा वॉशर घातला, गियरबॉक्सची शेपटी उचलली आणि गुणगुण थांबली.

नटबोल्टांबद्दल एक सूचना. जुन्या बीएमसी भागांवर इंची आटे आहेत, इसुझूवर मेट्रिक. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी.; तेराचा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो आणि कडा गोल करतो. ५/१६ इंची बोल्ट ८ मि.मी. च्या भोकात दोन आटे गोड जातो, तिसऱ्याला ॲल्युमिनियमचे आटे खातो. दोन वेगळे डबे ठेवा आणि मिस्त्रीच्या पोऱ्याला ते आधी दाखवा.

आता विजेकडे. आठ महिन्यांत सर्वात जास्त समाधान अल्टरनेटरने दिलं आणि सर्वात जास्त डोकं त्याच्या तारांनीच खाल्लं.

ल्युकासच्या सी-४० डायनमोची कमाल २२ अँपिअर, तीही इंजिन बऱ्यापैकी फिरत असताना. आयडलला कटआउट उघडाच असतो, म्हणजे सगळा भार बॅटरीवर. पावसाळी रात्रीचा हिशोब करा: हॅलोजनचे दोन लो बीम ११० वॅट, मागचे-पुढचे छोटे दिवे ३०, वायपर ३५, इग्निशन ४५, रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा १०० वॅट. बेरीज ३२० वॅट, म्हणजे २३ अँपिअर. ब्रेकवर पाय ठेवला की आणखी ३. घाटातल्या कोंडीत डायनमोची गाडी दर मिनिटाला बॅटरी पीत असते. आता आयडलला सगळं चालू असताना बॅटरीवर १३.६ व्होल्ट मिळतात आणि २,००० आरपीएमला १४.२.

कामाचा क्रम चुकवू नका. आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते पाहा. या घराण्यातल्या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, आणि तशा गाडीत अल्टरनेटर जोडला तर त्याच्यातले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) त्याच क्षणी जातात. अर्थ उलटवायचा तर इग्निशन कॉइलच्या दोन्ही तारांची अदलाबदल करा, म्हणजे ठिणगीची दिशा योग्य राहते. अँमीटरच्याही तारा बदला. कायम चुंबकाच्या मोटरी उलट्या फिरतील, त्यांच्या तारा फिरवा. जुना रेडिओ काढून ठेवा.

कटआउटची पेटी फेकू नये. आतलं काढून ती तारांच्या जोडणीसाठी वापरता येते. ए आणि ए-वन या टोकांवरच्या तारा एकत्र करायच्या, ती झाली बॅटरीची लाइन. डायनमोकडे जाणारी एफची पातळ तार अल्टरनेटरच्या आयएनडी (चार्जिंगच्या दिव्याच्या) टोकाला जोडायची आणि पेटीत ती चार्जिंगच्या लाल दिव्याच्या तारेशी मिळवायची. डायनमोची डीची जाड तार मात्र बी प्लसला (अल्टरनेटरच्या मुख्य टोकाला) लावून भागवू नका. ती २२ अँपिअरसाठी आहे, साधारण ३ चौ.मि.मी. ४५ अँपिअर गेले तर दीड मीटरमध्येच ०.४ व्होल्ट खाते आणि तापते. नवी १० चौ.मि.मी. ची तार अल्टरनेटरपासून थेट सेल्फच्या सोलेनॉइडवरच्या बॅटरी बोल्टला न्या, मध्ये ६० अँपिअरचा फ्यूज घाला. लग (तारेच्या टोकाच्या कड्या) क्रिंप केलेले, म्हणजे दाबून बसवलेले हवेत. नुसतं डाग मारून चिकटवलेला लग थरथरीने सुटतो आणि बी प्लस चालू इंजिनात सुटला, तर रेग्युलेटर उडतो.

डॅशवरच्या जुन्या ३०–०–३० अँमीटरमधून आता चार्जिंगचा सगळा प्रवाह नेऊ नये. त्याच्या डब्यात व्होल्टमीटर बसवला तर माहितीही जास्त मिळते. लाल दिवा २.२ वॅटचा साधा बल्बच ठेवा. अल्टरनेटर जागा होतो तो त्याच्यातून जाणाऱ्या प्रवाहावर. एलईडी लावायचीच असेल तर तिला समांतर ६८ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर द्या. नाहीतर रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होणार नाही.

तिसऱ्या महिन्यात हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा एक रेघ वर सरकायचा. थर्मोस्टॅट बदलून झाला, सेंडर (काट्याला तापमान कळवणारा सेन्सर) बदलून झाला. दोष अर्थचा होता. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्याचा बॉडीशी संबंध फक्त अर्थच्या पट्टीतून. पट्टीखाली नवा रंग होता. अर्थच्या बाबतीत अंदाज करण्यापेक्षा मीटर लावा: सगळे दिवे चालू, २,००० आरपीएम, मीटरचं एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर पट्टी खराब. इथे ०.७ आलं. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून दुसरी पट्टी लावली आणि काटा जागेवर बसला. अशा दोषात प्रवाह ॲक्सिलरेटरच्या आणि हँडब्रेकच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापून आतलं अस्तर वितळतं.

बेल्टचं गणित सोपं: पुल्या एका रेषेत, पट्टी लावून पाहिल्यावर फरक १ मि.मी. च्या आत, आणि सर्वात लांब भागावर अंगठ्याने दाबल्यास १०–१२ मि.मी. दबावा. नवा बेल्ट ३००–४०० किलोमीटरला एकदा ताणून घ्यावाच लागतो. किंचाळतो म्हणून जास्त ताणला तर वॉटर पंपाचं बेअरिंग जातं. बेल्टची आतली बाजू चकाकत असेल तर तो पुलीच्या तळाला टेकतोय, म्हणजे रुंदी चुकली.

पाणी. बी-सिरीज आख्खं बिडाचं आहे, एकदोनदा उकळलं तरी सोसून घेतं. इसुझूचं हेड ॲल्युमिनियमचं, एका उकळीत वाकू शकतं. जुना रेडिएटर लावून पाहिला. सपाटीवर ठीक, कात्रजला एप्रिलमध्ये काटा लाल रेघेजवळ. डोनरचा रेडिएटर नवा कोअर भरून घेतला आणि झाकण ०.९ बारचं लावलं. त्या दाबाला उकळीचा बिंदू सुमारे २० अंशांनी वर जातो. बोअरवेलचं पाणी घालू नये, डिस्टिल्ड पाण्यात किमान एक तृतीयांश कूलंट हवं.

पेट्रोलचा मुद्दा आता टाळता येत नाही. पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, म्हणजे जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग यांची वाट लागते. टाकीपासून पुढचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घातले, मेन जेट एक नंबर मोठा केला. मेमध्ये दुपारी गाडी पाच मिनिटं बंद करून पुन्हा सुरू केली की श्वास कोंडल्यासारखी चालायची. पेट्रोलची पाइप सायलेन्सरच्या पाइपजवळून जात होती, तिथे वाफ धरायची. पाइप लांबून वळवली, मध्ये पत्र्याचा आडोसा दिला.

ब्रेक जुने चारही ड्रम. ताकद दीडपट झाल्यावर ते अपुरे पडतात, विशेषतः उतारावर दुसऱ्या-तिसऱ्यांदा दाबताना. नंतरच्या ॲम्बेसेडरमधले पुढचे डिस्क आणि बूस्टर याच यादीत धरा. ते झाल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नये. पुढची उंची दोन्ही बाजूंनी मोजून टॉर्शन बार सेट करून घ्या. स्पीडोमीटर जीपीएसशी ताडून पाहा. इथे तो ८० ला ८८ दाखवतो.

कागदपत्रांत टाळाटाळ नको. इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मान्यता आणि आरसीवर नोंद लागते, बदलानंतर १४ दिवसांत कळवायचं असतं. डोनरचं बिल, तिच्या आरसीची प्रत आणि चॅसीसह रद्द झाल्याचा कागद जपून ठेवा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. नोंद नसलेल्या इंजिनावर अपघाताचा दावा अडतो.

आणि हे आधी ठरवा: ५० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. इंजिनात मोठा बदल झालेली गाडी त्यात बसत नाही. १९७८ ची गाडी २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. म्हणून मूळ इंजिन, गियरबॉक्स, शाफ्ट, डायनमो, सगळे ब्रॅकेट आणि त्यांचे इंची बोल्ट एकत्र ठेवले आहेत, आणि बॉडीत एकही ठिकाणी कापाकापी किंवा वेल्डिंग केलेलं नाही. स्टिअरिंगवरचा गियर तसाच ठेवला, बोगद्याला भोक पाडून जमिनीवरचा दांडा आणला नाही, तोही याचसाठी. जुनं इंजिन लाकडी चौकटीवर उभं आहे. प्लगच्या प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल, कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरची तोंडं चिंध्यांनी बंद, आणि महिन्यातून एकदा पाना लावून क्रँक पाव फेरा फिरवायचा, दर वेळी वेगळ्या जागी थांबवून.