विणलेली प्लास्टिक ताडपत्री (१८ × २४ फूट, २०० जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजन) : कोकणातील दोन्ही ऋतूंचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्यामुळे आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या, खरेदीला निघालेला माणूस ताडपत्री निवडताना केवळ पावसाचाच विचार करतो. माझ्या मते तिचा कस उरलेल्या आठ महिन्यांत लागतो.

ही ताडपत्री पॉलिथिलीनच्या पट्ट्या विणून व दोन्ही बाजूंनी लेप देऊन तयार केलेली असून तिच्या कडेच्या शिवणीत दोरी घातलेली आहे. पावसाळ्यात पडवीवर येणारी झड तिने पूर्णपणे अडवली. पूर्वी हे काम नारळाच्या झावळ्यांचे झाप करीत. ते दर वर्षी नव्याने विणावे लागत, परंतु त्यांतून वारा खेळत असे. ताडपत्रीआड मात्र दमट हवा कोंडते आणि रचून ठेवलेल्या सरपणाला बुरशी धरते, म्हणून वरच्या बाजूला वीतभर फट ठेवावी. ताडपत्री सैल बांधली आणि वाऱ्यावर फडफडत राहिली, तर कापडाआधी कडेच्या धातूच्या कड्या निखळतात.

तिचा सर्वाधिक उपयोग ऑक्टोबरमध्ये होतो. हळवी (लवकर पिकणारी) भाते कापणीला आलेली असतात आणि परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाट करीत येतो. साठवणीसाठी भातातील ओलावा १४ टक्क्यांच्या खाली आणावा लागतो, आणि त्यासाठी मिळेल तेवढे ऊन पदरात पाडून घ्यावे लागते. अशा वेळी खळ्यावर ताडपत्री पसरून तिच्यावर धान्य वाळवायचे आणि ढग भरून येताच कोपरे उचलून, धान्य मध्ये ओढून तिचाच उरलेला भाग वर पांघरायचा, ही सोय मोलाची आहे. या आकाराची ताडपत्री सुमारे आठ किलो भरते, त्यामुळे दोन माणसांना ती सहज आवरते. ३०० जीएसएमची हीच ताडपत्री बारा किलोंची होते आणि घाईच्या वेळी ती जड जाते. पाऊस थांबताच धान्य उघडे करणे मात्र आवश्यक आहे, कारण ओलसर भात झाकलेलेच राहिले तर तापते आणि त्याला कुबट वास येतो.

पुढे काजूच्या बिया आणि सुपारी वाळवण्यासाठी ती मेअखेरपर्यंत अंगणात उन्हात पडून असते, आणि झीज होते ती याच काळात. पावसाने न बिघडणारा लेप अतिनील किरणांनी ठिसूळ होतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि विणीतील पट्ट्यांचे तुकडे होऊन मातीत मिसळतात, जे वेचणे जवळजवळ अशक्य असते. पूर्वीचा झाप निदान कुजून खत तरी होई. म्हणून दुकानदाराला जाडीच्या आधी अतिनील संरक्षणाविषयी विचारावे आणि आयएस ७९०३ हे अशा ताडपत्रीसाठीचे भारतीय मानक छापलेले आहे का, ते पाहावे. काम नसताना ती घडी करून माळ्यावर टाकावी. अंगणात तशीच सोडू नये.

आमसुलांसाठी मी ती वापरणार नाही. कोकमाचा रस आंबट असतो, सोले (कोकमाच्या साली) त्यात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवली जातात, आणि शेणखतावर किंवा पेंढ्यावर टाकलेली ताडपत्री कितीही धुतली तरी खाण्याच्या वस्तूंखाली घालण्याजोगी राहत नाही. त्यासाठी स्वच्छ वेगळा तुकडाच ठेवावा.